मेणबत्ती धरणारा

बुधवारी जुन्या बाजारात
नळाच्या तोट्या, एकेकटे बूट
आणि बंद पडलेल्या मीटरांच्या मधे
गफूरभाईच्या ताडपत्रीवर ते चित्र पडलं होतं.
काच तडकलेली, कडेला कसरीनं काढलेला नकाशा.
"फॉरेनचं आहे. दोनशे."
"राजा आहे म्हणून दोनशे?"
"राजाचे पन्नास," तो म्हणाला, "फ्रेमचे दीडशे."

घरी आणून भिंग लावलं,
छापखान्यातलं, दांडी तुटलेलं.
मध्यरात्र. राजा पलंगावर अर्धा उठलेला,
टोपी एका कानावर.
समोर दरबारी, बुटांना चिखल,
एक हात छातीवर, एक खिडकीकडे.
खिडकीत काळोख, रेघांवर आडव्या रेघा मारून दाट केलेला,
आणि त्यात सुईच्या टोकाएवढे कोरे ठिपके.
मशाली.
तिथे खोदणाऱ्यानं काही खोदलंच नाही.
उजेड असा राहून जातो, हात न लागलेला.

खाली परक्या लिपीतली ओळ.
भाचीनं फोन धरून वाचली:
'दरबारी राजाला वेळेवर सावध करतो.'
'वेळेवर' या शब्दाला मी एकटाच हसलो.

तांब्यावर हे सगळं उलटं असणार,
राजा त्या अंगाला, दरबारी या.
एकतीस वर्षं खिळे जुळवले मी,
उलटं वाचायला मला आरसा लागत नाही.
पण सुलट बघताना चुकतं कधीकधी.
तो मला तिसऱ्या दिवशी दिसला.

पलंगाच्या पायथ्याशी, पाठमोरा,
मेणबत्ती धरून उभा असलेला पोऱ्या.
चेहरा नाही. कान तेवढा आहे,
आणि तो मात्र मन लावून काढलाय,
पाळीसकट.

नारायण पेठेत, घारपुऱ्यांच्या छापखान्यात
मी सोळाचा, अजून केसला हात लावू देत नव्हते.
चहाचा ट्रे घेऊन केबिनमधे गेलो तेव्हा
मॅनेजर आंबर्डेकर शिवकाशीहून थेट आलेले,
दाढी वाढलेली, हातात चाररंगी कॅलेंडर.
"दादासाहेब, हे ऑफसेट. शिशाचे दिवस भरले."
दादासाहेबांनी कॅलेंडरातल्या लक्ष्मीचा पदर
नखानं खरवडून पाहिला.
निघाला नाही.
"फॅड आहे," म्हणाले. मग माझ्याकडे वळून,
"साखर कमी का रे आज?"

मी कुणाला बोललो नाही.
कुणी विचारलंही नाही म्हणा.
बाहेर ट्रेडल खडखडत होतं,
पाटणकर म्हातारा मुंजीच्या पत्रिकेतला
'कृपाभिलाषी' जुळवत होता, एकेक खिळा बोटानं चाचपून.
दिवाळीनंतर मलाही केसपाशी उभं केलं.
संपलेलं काम मी शिकलो, नीट शिकलो,
त्यावर बहिणीचं लग्न केलं, कर्वेनगरात खोली घेतली.

आंबर्डेकरांचं खरं व्हायला एवढी वर्षं लागली
की तोवर ते गेले होते, दादासाहेबही.
खिळे किलोवर गेले तेव्हा
काट्यापाशी मीच होतो.
'अ' आणि 'ज्ञ' एकाच पोत्यात.
भंगारवाल्यानं विचारलं, "यात काय लिहिलंय?"
म्हटलं, "अजून काही नाही."

भिंगातून आणखी एक दिसलं:
मेणाचा थेंब पोऱ्याच्या अंगठ्यावर उतरलाय.
तो हललेला नाही.
दरबाऱ्याच्या आधी त्याला ठाऊक होतं का,
त्याचा भाऊ त्या ठिपक्यांत होता का,
हे खोदणाऱ्यालाच माहीत.

फ्रेम खरंच सागवानी निघाली.
काच बदलून चित्र लावलंय, जरा खालीच,
म्हणजे खुर्चीत बसून चहा घेताना
राजा वर राहतो
आणि डोळ्यांसमोर तो कान येतो.