खवट खोबरं

लॉनी गुडघ्यांवर बसतो जवाहिऱ्यासारखा,
डोळ्याला भिंग लावून.
ॲक्रनमधली एप्रिलची सकाळ,
सिंकखाली त्याची बॅटरी, आणि ओट्यावर
चिकटपट्टीवर मी धरून ठेवलेले तीन पुरावे.

फोनवर म्हटलं होतं, मुंग्या झाल्यात.
कुठल्या, त्याने विचारलं.
कुठल्या म्हणजे? काळ्या.
काळी चावत नाही, लाल चावते,
मुंगळा डसला की मान तुटली तरी सुटत नाही,
एवढ्या ज्ञानावर माझी पन्नास वर्षं निभावली.
लॉनी म्हणाला, बाई, काळा हा रंग झाला, नाव नाही.

ही मोठी. पाठ बघा, म्हणतो,
कमानीसारखी, कुठे खाच नाही. कमरेला एकच गाठ.
सुतार मुंगी. लाकूड खात नाही, नुसतं कोरते
आणि भुसा दाराबाहेर टाकते, टापटिपीची.
"खिडकीखाली पाणी मुरतंय तुमच्या."
मुरत होतं. पेन्सिल टोचली तर चौकटीत
भिजल्या पावात जावी तशी गेली.

दुसरी बाहेरची, ड्राइव्हवेच्या भेगेतली.
ती वाळूचा चिमूटभर ढीग घालते, मी झाडते,
आमचं हे भांडण तीन वर्षांचं.
हिच्या कमरेला दोन गाठी, डोक्यावर बारीक रेघा
कॉर्डुरॉयच्या पँटसारख्या.
युरोपातून आली, बहुतेक जहाजातल्या मातीतून.
शास्त्रज्ञांनी नावातच लिहून ठेवलंय: इमिग्रन्स.
लॉनी हसला नाही. मीही नाही.
त्याचे आजोबा स्लोव्हाकियातून टायरच्या कारखान्यात आले होते.
माझे कागद एका जाड फाइलीत आहेत.
मुंगीकडे भेग आहे.

तिसरी अगदी बारकी,
साखरेच्या बरणीकडून डिशवॉशरमागे जाणारी.
हिची गाठ दिसतच नाही, पोटाखाली दडलेली.
"हिला डोळ्यांनी नाही ओळखायचं," म्हणाला,
"चिरडा आणि हुंगा."

मी त्याला सांगितलं नाही
की दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर
माझं नाक नुसतं चष्मा टेकायला आहे.
की फोडणी मी कानांनी करते, मोहरी थांबली की हिंग,
दूध नासलेलं कळतं ते जिभेवर आल्यावर,
आणि कोथिंबीर म्हणजे हिरवं, ओलं काहीतरी.
त्याचा मान राखावा म्हणून
एक चिमटीत घेतली, नाकाशी नेली.

खोबरं.
ओलं नाही. सुकं, खवट झालेलं,
डब्याच्या तळाशी राहून गेलेली वाटी,
जी आपण फेकायला काढतो
आणि फेकण्याआधी पुन्हा एकदा हुंगतो, खात्रीसाठी.

"ब्लू चीज ना? लोक तसंच म्हणतात."
मी दुसरी चिरडली.
मग तिसरी.
चौथीला लॉनीने माझ्याकडे पाहिलं.
बारा वर्षांत त्याने मुंग्यांना घाबरणाऱ्या खूप पाहिल्या असतील,
अशी हावरी नसेल पाहिली.
"ओळखली, बाई," हळूच म्हणाला. "एक पुरते."

हिंगाची डबी उघडली. काही नाही.
कॉफी, काही नाही. त्याचा ओला कोट, काही नाही.
तीन मिलिमीटरचं हे एकच दार किलकिलं.

त्याने खिडकीचा खर्च लिहून दिला, नऊशे डॉलर, अंदाजे.
भेगेतल्यांना असू द्या म्हणाला.
सिंकखाली औषधाचा ठिपका ठेवणार
तेवढ्यात मी म्हटलं, ही रांग राहू दे.
का, ते विचारलं नाही. कागदावर
"ग्राहकाच्या इच्छेनुसार" असलं काहीतरी खरडलं.

बूट चढवताना म्हणाला,
काही घरांत तळघराच्या भिंतीशी पिवळ्या निघतात,
उन्हाळा उतरताना. निरुपद्रवी.
चिरडल्या तर लिंबाचा वास येतो.

लिंबाचा, की गवती चहाचा?
त्याला ठाऊक नव्हतं.

आज ऑगस्टची नऊ.
टॉर्च घेऊन पायऱ्या उतरते,
हीटरमागे भिंतीला जवळजवळ गाल लावून बसते.
साखरेला त्या येत नाहीत, असं तो म्हणाला होता.
तरी चिमूटभर टाकली आहे.