उजवं बटण

घणसोलीत मढवींच्या झेरॉक्सच्या दुकानात
जुना लॅपटॉप. टचपॅडखाली बटणं दोन,
पण सुरू होताना तो सांगतो, एकच आहे.
ड्रायव्हर भोळा, मान डोलावतो.

उजवं दाबलं की डावंच उमटतं.
"उजवा हात लुळा हाय त्याचा,"
म्हणत काकूंनी तीन वर्षं
माऊसवर भागवलं.

रात्री अर्धं शटर ओढून
मी एकेक आकडा छापून पाहिला.
उजवं दाबताना एक बिट
खरंच बदलत होता.
कुणी वाचतच नव्हतं.

चार ओळी लिहिल्या:
हा काय सांगतो ते सोड,
बोटाखाली काय होतं ते बघ.

सकाळी काकूंनी उजवं दाबलं.
मेनू उघडला.
मिटवला. पुन्हा उघडला.
मग माऊसची वायर गुंडाळून
गल्ल्यात ठेवली.
"असूं दे. लागंल."