छोटा उंदीर

तापानंतर वास गेला, तो परत आलाच नाही.
फोडणी करपते तेव्हा मला धूर दिसतो, एवढंच.
आणि राहते कुठं, तर नाशकात,
जिथं एकीचं नाक कापलं
म्हणून गावाला नाव मिळालं म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, रोज हुंगत जा काहीतरी,
नाकाला आठवण करून द्या.
म्हणून शुक्रवारी दूध बाजारात,
इद्रिसभाई कोकणींच्या दुकानात.
ते कापसाचा फाया मनगटाला लावतात:
हा वाळा. हा मोगरा. हा मुश्क.
मुश्क म्हणताना डोळे मिटतात.
"अस्सल?"
"अस्सल आमच्या वालिदांनी पाहिलं, बाई. हे कारखान्याचं.
हरीण राहायला हवं ना."

मी तेहतीस वर्षं मुलींना संस्कृत शिकवलं.
मुश्क कुठून आला ते मला ठाऊक आहे.
मुष्क. आपलाच.
वर्गात हा शब्द आला की मी पान उलटायचे.
अर्थ, वृषण. बोकडाचं, बैलाचं, कुणाचंही.
अजून आत शिरलं तर मूष, उंदीर.
कातडीखाली हलणारा छोटा उंदीर
कुणा गुराख्याला दिसला असेल,
हसला असेल तो, आणि शब्द झाला.
उंदराच्याही आत एक धातू सांगतात: मुष्, चोरणे.

तर असा हा, चोराच्या पोटचा,
इराणात मुश्क झाला, अरबांकडे मिस्क,
रोमच्या वाटेनं फिरत फिरत
आमच्या न्हाणीघरातल्या साबणाच्या कागदावर मस्क.
वाटेत कुणी विचारलं नाही, बाबा रे, तुझा अर्थ काय.
वास चांगला होता.

आपण कस्तुरी म्हणतो.
तीही बहुधा माहेरची नाही.
बहुधा, कारण जाणकारांचं भांडण मिटलेलं नाही:
ग्रीकांचा कास्तोर म्हणे,
नदीत लाकडं रचून धरण बांधणारा केसाळ प्राणी,
त्याच्याही शेपटीखाली वासाची पिशवी.
घरचं नाव दिलं बाहेर,
बाहेरचं घेतलं आणि देवाच्या कपाळी लावलं.
आणि नाभीत नसतेच ती. थोडी खाली असते.
कवींनी वर सरकवली.
मीही वरच शिकवली.

माझ्या वर्गात एक कस्तुरी होती, कस्तुरी निरगुडे.
बाई, माझ्या नावाचा अर्थ?
सुगंध, म्हटलं, बस खाली.
आता दिंडोरीला तिची द्राक्षबाग आहे.
परवा पेटी घेऊन आली:
"मस्कत जातीची, बाई. वायनरीला जातात, पण नुसती खाऊन बघा."
मस्कत! त्या नावातही तोच बसलाय, मस्क.
राहवेना. सगळं सांगितलं तिला,
उंदीर, बोकड, पान उलटलेलं, सगळं.
ती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली.
"म्हणजे मी धरण बांधणारी,
आणि माझी द्राक्षं..."
पुढचं तिनंही नाही उच्चारलं.
शेवटी माझीच विद्यार्थिनी.

एक द्राक्ष मी तोंडात ठेवलं.
गोड. गार. साल जरा जाड.
बाकी काही नाही.

आज एक घोस रुमालात बांधून दुकानात नेला.
इद्रिसभाईंना जातबीत काही सांगितली नाही,
धुतलेली आहेत, खा, एवढंच.
त्यांनी एक मणी तोडला, खाण्याआधी नाकाशी नेला
(सवयच ती),
आणि डोळे मिटले.
"मुश्क," म्हणाले. "यात कसा?"

मी उत्तर दिलं नाही.
बघत राहिले.
बाही कोपरापर्यंत दुमडलेली,
द्राक्ष धरलेली बोटं जराशी फिरली,
आणि त्या म्हाताऱ्या हाताच्या पातळ कातडीखालून
काहीतरी लहानसं हललं,
पळालं.