सरकता जिना

बापू मगदुमांनी उसाचा दीड एकर मोडला
आणि गोकुळ शिरगावच्या फाट्यावर मॉल बांधला तेव्हा
सगळ्यात आधी आला तो जिना,
ताडपत्रीखाली, क्रेननं उतरवलेला.
गावातली माणसं हात लावून बघून गेली,
नवी म्हैस बघतात तशी.

मोठी दुकानं आलीच नाहीत.
सहा महिने काचेमागं नुसत्या बाहुल्या, अंगावर चिंधी नाही.
मग फाउंड्रीतली पोरं यायला लागली, ओडिशाची,
आणि एकेक शटर त्यांच्यासाठी वर गेलं.
खाली चव्हाणांनी मोहरीचं तेल ठेवलं.
अंगाला चोळायचं खात्यात व्हय रं हे?
आता आठवड्याला पंधरा डबे खपतात.
मुढी आली, चुडा आला, उन्हात वाळवलेली बडी आली,
पत्र्याच्या ट्रंका आल्या.
ट्रंकेवर नाव घालून देतो पेंटर सर्जेराव.
ओडिया अक्षरं सगळी गोल, डोक्यावर टोपी घातल्यागत;
वाचता येत नाहीत त्याला, चिठ्ठीवरनं बघून काढतो.
अजून एकही ट्रंक परत आली नाही.

माझं दुकान जिन्याच्या पोटात.
झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पैसे पाठवणे.
अस्का, छत्रपूर, पुरुषोत्तमपूर,
यातलं एकही गाव मी बघितलेलं नाही,
पण कुणाची आई कुठल्या बँकेत, ते पाठ आहे.

दुःखीश्याम बेहेरा अंगठा ठेवतो.
मशीन म्हणतं, नाही.
शर्टाला पुसून पुन्हा. मग डावा. मग मधलं बोट.
साच्याची वाळू दाबून दाबून
रेघा गेल्यात सगळ्या.
माझ्या सासूबाईंच्या अशाच गेल्या होत्या, गुऱ्हाळात.
रेशनच्या मशीननं त्यांना तीन महिने जिवंत धरलं नाही.
रात्री खोबरेल लाव, म्हटलं, सकाळी बघू.
तो हसतो.
मावसी, मीच आहे हा.
त्यांच्यात मावसी, आपल्यात मावशी.
एवढ्या एका अक्षरावर आमचं बरं चाललंय.

सुटीला पोरं बंद जिन्यावर बसतात.
पायऱ्या ठरलेल्या.
आईशी बोलणारे खाली, बायकोशी बोलणारे वर,
जिथं ट्यूब गेलेली आहे.
जिना कधीच सरकला नव्हता.
वीजबिल कोण भरणार, म्हणून बापूंनी चावी घरी
देवघरात ठेवलेली.

विश्वकर्मा पूजेला कारखान्यांतली सगळी यंत्रं
फुलं घालून बसवली.
उरलेलं जास्वंद कुणीतरी जिन्याला वाहिलं.
आणि टुकुना, वायरिंगचं काम करणारा, जेमतेम मिसरूड फुटलेला,
पूजा केली तर चालवायला नको का, म्हणून
खालची झडप उघडून आत शिरला.

आधी एक खरखर.
मग जिना निघाला. खाली.
वर जायचा होता तो, वायरी उलट्या लागल्या असणार.
कुणी उठलं नाही.
फोन धरून बसलेले सगळे
तसेच, मांडी न मोडता, ओळीनं
खाली येत राहिले, माळ्यावरनं गणपती उतरावेत तसे.

मग जी बोंब उठली!
फरशीच्या जिन्यानं वर पळायचं, याच्यावरनं खाली यायचं.
चव्हाण आले, सर्जेराव ब्रशासकट आला.
बापू शिव्या देत आले, कुणाच्या बापाची लाईट,
आणि धोतराचा सोगा वर धरून
दोन फेऱ्या मारून गेले.
अकरा मिनिटं.
मग जळका वास, आणि पायऱ्या होत्या तिथं थांबल्या.

दुःखीश्याम माझ्या दारात उभा, फोन चालूच.
पडद्यावर एक बाई, तिच्यामागं केवड्याचं बन.
ती पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होती.
म्हटलं, काय म्हणतीया?
म्हणते, तू तर बसलेला होतास,
मग तुझ्यामागची भिंत
वर कशी गेली?