प्रॉम्प्टरचा खड्डा

स्टेजच्या पुढ्यात छातीएवढा खड्डा असतो जी,
त्यात एक स्टूल, एक बल्ब, अन् मी.
दिसलो तर पैसे कापतात.

सावरटोल्याच्या मंडईत यंदा
दोनाडकर मास्तरांनी बाहेरच्या मुलखातलं नाटक आणलं.
त्या देशाचं नाव त्यांनी तीनदा सांगितलं,
मला तिन्ही वेळा वेगळं ऐकू आलं.
मास्तरांनी बर्फाचं धुकं केलं,
रणगाड्याचा ट्रॅक्टर,
लाल सूपाची अंबाडीची भाजी.
फक्त हुकूमशहाचं काय करावं ते सुचेना.
महिनाभर तो वहीत तसाच बसून राहिला,
परदेशी, टोपी घालून.

हिरामण मुंगमोडे हुकूमशहा.
एरवी पाण्याचे पंप खोलतो.
आवाज असा की शेजारच्या टोल्यातली कुत्री उठतात,
पाठांतर मात्र शून्य.
छातीवर सोड्याच्या झाकणांची पदकं,
सिंहासन बिछायतवाल्याकडचं, नवरदेवाचं,
मागच्या बाजूला रंगवलेलं:
नुकसान झाल्यास भरपाई घेतली जाईल.

मी खालून कुजबुजतो, आजपासून सावल्यांवर कर.
तो वरून गरजतो, आजपासून सावल्यांवर कर!
पब्लिक शिट्ट्या मारते.
दोन रात्री असं मस्त चाललं.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवर दोघं आले.
रागावले नाहीत. चहा घेतला.
म्हणाले, नाटक झकास आहे मास्तर,
फक्त तेवढा शब्द काढा. हुकूमशहा.
लोकांचा गैरसमज होतो.
मास्तरांनी विचारलं, कोणता गैरसमज?
दोघं एकमेकांकडे पाहत राहिले.
सांगायला कोणीच तयार नाही.
बिस्किट तेवढं चहात पडलं.

एकसष्ट ठिकाणी मास्तरांनी लाल रेघ मारली
अन् प्रत्येक रेघेवर लिहिलं: भाऊ.

त्या रात्री शिपायानं पडद्यातून आरोळी दिली,
भाऊ येत आहेत!
अन् पुढची सोफ्यांची अख्खी रांग
ताडकन उठून उभी राहिली, मागे वळून.
कोणीतरी हार शोधू लागलं.
कोणाची तरी चप्पल सापडेना.
मग स्टेजवर हिरामण आला, झाकणं वाजवत.
रांग हळूहळू बसली,
जशी म्हैस बसते, आधी पुढचे पाय, मग विचार करून मागचे.

त्या रात्री कोणी हसलं नाही.
तीच वाक्यं, तोच हिरामण.
सावल्यांवर कर म्हटल्यावर
तट्ट्याजवळच्या एका म्हाताऱ्यानं
गपचूप पाय पोटाशी घेतले,
सावली आखडली.

शेवटच्या अंकात हिरामण अडकला.
माझ्याकडे पाहिलं त्यानं.
वही माझ्या मांडीवर उघडी होती,
बोट वाक्यावर होतं,
अन् काहून कोण जाणे, मी बोललोच नाही.
खालून पाहिलं तर भाऊ म्हणजे काय जी,
दोन बुटांचे तळवे,
एकाला चिकटलेला खर्रा.

"काय म्हणू?" तो ओठांनीच विचारत होता.
ते मागच्या पालावरच्या वच्छलाबाईनं ओळखलं,
चिवडा तोलता तोलता ओरडली,
"वीज दिवसाची देतो म्हण ना बाप्पा!"
हिरामण बुडता माणूस, त्यानं पकडलं ते,
"वीज दिवसाची!"
मग कुठून कुठून आवाज आले,
नहराला पाणी म्हण! म्हण, दवाखान्यात डॉक्टर!
म्हण, आमच्या पोट्टीची बस!
अन् तो म्हणत गेला, एकेक, घाम पुसत,
शाळेतल्या पोरासारखा,
सिंहासन धरून.

पहाटे पाचला पडदा पडला.
मास्तर विंगेत हसत होते की रडत, चष्म्यामुळे समजलं नाही.

मालकानं माझे दोनशे कापले.
वहीत कारण लिहिलंय:
ऐकू आला नाही.