एक आणि दोनच्या मधे

रविवारी पहाटे गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत
फाउंड्र्यांच्या भट्ट्या गप्प असतात.
मागचा रस्ता सरळ, दीडेक किलोमीटर,
शेवटाला एक झोपलेलं कुत्रं
आणि ट्रॉलीतून सांडलेला ऊस.

चौगुल्यांच्या अभिनंदननं नवी गाडी आणलेली.
कंपनीच्या पुस्तकात छापलंय:
शून्य ते शंभर, अकरा पूर्णांक आठ सेकंद.
स्टॉपवॉच माझ्या हातात,
कारण आठवडाभर मी गिअरचे दात मोजते, मायक्रॉनमध्ये,
आणि माझ्या आकड्याशी कुणी हुज्जत घालत नाही.

त्यानं क्लच सोडला फाटकन.
टायरांनी रस्ता खरवडला, वास सुटला,
गाडी तिथंच.
मग निघाली.
पहिल्यातच इंजिन लाल रेघेला नेऊन रडवलं,
दुसरा टाकला तेव्हा कर्रकन वाजलं,
माझ्या दाढेत वाजलं ते.
चौदा पूर्णांक तीन.
पुन्हा एकदा: चौदा पूर्णांक एक.
"पेट्रोलच भेसळीचं," म्हणाला.
मग टायरमधली हवा.
मग माझं वजन.

मुजावरमामा चहा संपवत होते.
तीस वर्षं थोरल्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स,
आता डाव्या गुडघ्यात स्टीलची वाटी.
"बघू का जरा?"
चपला काढून रस्त्याकडेला ठेवल्या,
अनवाणी पाय क्लचवर,
आणि तो तिथं नुसताच राहिला थोडा वेळ,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात राहतो तसा.

गाडी उठली.
माझी पाठ सीटला टेकली ती टेकलीच.
पहिल्यातून दुसऱ्यात गेलो
ते मला कानानं कळलं, मानेनं नाही.
लाल रेघ अजून लांब होती,
त्यांचा हात आधीच तिसऱ्यावर.
अकरा पूर्णांक सहा.
मी बटण उशिरा दाबलं का, विचार केला.
नव्हतं दाबलं.

"सांगरुळास्नं बाळंतिणी आणायचो रातच्या.
आरशात रस्ता कमी बघायचो,
सलाईनची बाटली जास्त.
घाई तर हाईच. पण बाटली हिंदकळली
की समजायचं, आपलं चुकलं.
जोर लावून गाडी पळत न्हाई पोरी,
जोर जिथं तुटतो तिथं ती मरती.
एक आणि दोनच्या मधे.
तेवढी जागा बारीक कर."

मी काही बोलले नाही.
दोन दातांमध्ये आम्ही मुद्दाम फट ठेवतो,
केसाहून बारीक.
फट नसली तर गिअर अडकतो,
जास्त झाली तर वाजतो.
सात वर्षं मी ती फट मोजतेय
आणि कधी तिच्यातून गेले नव्हते.

"मी बघतो की चालवून," म्हटलं, घरच्या बोलीत.
पहिल्यांदा बंदच पडली.
कुत्र्यानं मान वर करून बघितलं.
अभिनंदन हसला, मग आपल्या चौदाची आठवण होऊन
थांबला.
पाण्याची अर्धी बाटली काढून
दाराच्या वरच्या हँडलला त्यानंच बांधली, रुमालानं.
तेरा पूर्णांक दोन, मामांच्या घड्याळात.
कुणी विचारलंच नाही.
तिघंही बाटलीकडे बघत होतो.
पाणी अजून भिंतींवर चढत होतं.

मामांना चपला घालायला वेळ लागला,
उजवी लगेच,
डावी दाराला धरून.

परतताना वडिलांची जुनी व्हॅन, मामा शेजारी झोपलेले,
बाटली आता माझ्याकडे टांगलेली.
कावळा नाक्याच्या सिग्नलला हिरवा पडला,
मी पाय उचलू लागले, सावकाश,
जिथं इंजिनचा आवाज किंचित खाली बसतो तिथवर.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला,
मग शिवी.
पहिला. दुसरा.
पाणी हललं.
सकाळपेक्षा जरा कमी.