मोड न आलेले

ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडून
मी पाणी शिंपडत होतो, तेवढ्यात शिवकांताचा व्हिडिओ कॉल.
लातूरच्या एमआयडीसीत उन्हानं पत्रा कडकडत होता.
तिच्यामागं जपानातलं बर्फ, कमरेइतकं.

तोंडावर लाल कागदी मुखवटा, कपाळाला दोन शिंगं.
"दादा, आज मी भूत झाले बग."

म्हाताऱ्यांचं घर आहे ते. ती त्यांना न्हाऊ घालते,
चमच्यानं भरवते, कूस बदलून देते.
आज त्यांच्या पंचांगात थंडी संपते म्हणे,
दिसत तर नव्हती संपल्यासारखी.
तर सगळ्यांनी मुठी भरून भाजके दाणे
भुताच्या अंगावर फेकायचे :
भुतं बाहेर, सुख घरात!

"दाणे कशाचे गं?"
"सोयाबीन की रे."
इथं थप्पी छताला टेकलेली. मी हसलो.

"कच्चे चालत नाहीत. एखादा सांदीत राहिला
आन् त्याला मोड आला,
तर गेलेली पिडा माघारी येते मनतेत."

माझी सगळी नोकरी मोड मोजण्याची.

मग तिला घालवलं दाराबाहेर. भूतच ती.
आतून कडी.
मुखवटा वर सारून उभी राहिली बर्फात,
आणि तिला येळवस आठवली :
कडब्याची कोप, डोक्यावर घोंगडं घेतलेले अण्णा,
दिवस बुडताना पेटता हेंडगा घेऊन
रानाच्या कडेनं पळणारे आम्ही.
"किती येळ उभी होतीस?"
"कुणाला ठावं. नाक बधिर होईस्तोर."

दार उघडलं तोमिएबाईंनी. वय चौऱ्याण्णव.
पोटच्या लेकाला ओळखत नाहीत,
जेवलो का नाही हे रोज विचारतात.
हिला हाताला धरून आत घेतलं,
शिंगावरचं बर्फ बाहीनं पुसलं
आणि तळहातावर दाणे मोजून ठेवले,
वयाइतके, वर एक येत्या सालाचा.
"एकबी चुकला नाही रे त्यांचा."
स्वतःचे मात्र चहात टाकून नुसता चहा प्यायल्या.
दात नाहीत.

आठव्या दिवशी गोणपाट उलगडलं.
त्र्याहत्तर उगवले. लॉट पास. सही केली.
बाकीचे फुगून तसेच पडलेले.
टाकून द्यायचे असतात ते.
मी रुमालात बांधून घरी नेले.

आई म्हणाली, ह्याचं काय करू?
म्हणलं, भाज.
शिवकांताचे आहेत.